शाश्वतवादाचा तास कसा घ्यायचा : पसायदान, तुकोबा आणि बसवण्णा घेऊन

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या प्रत्येकानं शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातला पेरेनिअलिझम हा शब्द एकदा तरी पाठ केलेला असतोय. मराठीत कुणी शाश्वतवाद म्हणतं, कुणी चिरंतनवाद. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, त्यावर एखादा प्रश्न येतो, चार पर्यायातला "शिक्षककेंद्री" हा पर्याय टिक केला की विषय संपला. मी पण तेच केलेलं. नंतर कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर भागात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला लागलो, आठवी ते दहावी मराठी शिकवायला लागलो, आणि चार-पाच वर्षांनी एक गोष्ट मनाला लागायला लागली की आमची पोरं प्रार्थनेला रोज पसायदान म्हणतात, एक अक्षर न चुकता म्हणतात, आणि त्यातल्या एकाला जरी थांबवून विचारलं की बाबा रे 'व्यंकटी' म्हणजे काय, तर सगळी रांग गप्प. सात-आठ वर्षं रोज म्हटलेलं, आणि आत काहीच नाही. दोष पोरांचा नाही, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा बी.एड.च्या जुन्या वह्या काढून हा शाश्वतवाद परत वाचला, आणि लक्षात आलं की परीक्षेसाठी पाठ केलेली ती चार वाक्यं म्हणजे खरं तर तास कसा घ्यायचा याची एक पद्धत आहे आणि ती आपल्या सीमाभागातल्या वर्गात मस्त चालते. गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास असा घेतोय, काय जमलं काय फसलं ते सगळं खाली लिहितोय, बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर कुठंही शिकवत असाल तर उचला आणि वापरा.

आधी हे आहे काय

शाश्वतवादाचं म्हणणं असं की माणसाची राहणी बदलते, बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर येतो, पत्र जाऊन मोबाईल येतो, पण माणसाला पडणारे मोठे प्रश्न बदलत नाहीत. चांगलं वागायचं म्हणजे काय, न्याय कशाला म्हणायचं, देव कुठं असतो, पैसा किती पुरे, मरणार आहे हे माहीत असून जगायचं कसं. या प्रश्नांवर ज्यांनी खोल विचार केला त्यांचे मूळ शब्द पोरांच्या हातात द्यायचे, पातळ केलेलं सार द्यायचं नाही, आणि त्या शब्दांवर पोरांची बुद्धी घासून घ्यायची. शिक्षणाचं काम बुद्धी तयार करणं, धंद्याचं ट्रेनिंग नंतर कुठंही मिळतं, असं या लोकांचं मत.

अमेरिकेत हे जोरानं मांडलं दोघांनी, रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर अ‍ॅडलर. हचिन्स १९२९ ला शिकागो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याचं वय फक्त ३०. अ‍ॅडलरची गोष्ट मला जास्त आवडते कारण त्यानं १४ व्या वर्षी शाळा सोडली आणि न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पोऱ्या म्हणून कामाला लागला, पुढं वाचनाच्या वेडापायी परत शिक्षणाकडं वळला. १९३७ ला अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजनं अख्खा अभ्यासक्रमच थोर ग्रंथांवर बांधला, तिथं आजही मुलं ग्रीक गणिती युक्लिडच्या सिद्धता फळ्यावर स्वतः करून दाखवतात. १९५२ ला ब्रिटानिकातर्फे या दोघांच्या संपादनाखाली ५४ खंडांचा ग्रंथसंच निघाला. टीईटीवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो, याच्या शेजारी एक सारवाद म्हणून असतो, इसेन्शिअलिझम, तो विल्यम बॅगलेचा, १९३८ चा, तो पण शिक्षककेंद्रीच, पण त्याचा भर वाचन-लेखन-गणित-विज्ञान अशा पायाभूत विषयांवर आणि शिस्तीवर, आणि शाश्वतवादाचा भर थोर ग्रंथातल्या कायमच्या विचारांवर. पेपरात दोन्ही पर्याय एकत्र देतात, तिथं घसरू नका.

आता मुख्य गोष्ट. शिक्षककेंद्री म्हटलं की आपल्याला खुर्ची, छडी आणि चाळीस मिनिटांचं भाषण दिसतं. पण अ‍ॅडलरनं १९८२ मध्ये शाळांसाठी जो आराखडा मांडला, पायदेया नावाचा, त्यात शिकवण्याचे तीन प्रकार सांगितलेत. एक सांगणं, म्हणजे माहिती देणं. दुसरा सराव करून घेणं, जसा तालमीत वस्ताद डाव बसवून घेतो तसा. आणि तिसरा विचारणं, सॉक्रेटिससारखं प्रश्न विचारत विचारत पोराच्या तोंडून विचार काढणं. तिन्ही लागतात. आपल्याकडं पहिलाच चालतो, दुसरा थोडाफार, तिसरा तर नाहीच. आणि तिसऱ्या प्रकारात शिक्षक कमी बोलतो तरी वर्ग शिक्षककेंद्रीच राहतो, कारण मजकूर कुठला, कुठल्या ओळीवर थांबायचं, कुठला प्रश्न आधी, कुणाचं उत्तर धरायचं, हे सगळं त्याच्या तयारीवर उभं असतंय. ओझं शिक्षकाच्या डोक्यावर असतं म्हणून तो केंद्र, असं मी समजतो.

मजकूर निवडताना

यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. पहिला नियम, छोटा पाहिजे, दहा-बारा ओळी, म्हणजे तासात तीनदा मोठ्यानं वाचून होतो. दुसरा, त्यात एक तरी प्रश्न असा पाहिजे ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला शंभर टक्के माहीत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुम्हाला सगळं माहीत असलं की तुम्ही पोरांना गोल फिरवून तुमच्याच उत्तरावर आणून सोडता आणि पोरांना ते दुसऱ्या मिनिटाला कळतंय. तिसरा, भाषा थोडी अडणारी पाहिजे. सोपा मजकूर नुसता वाचून संपतो, अडणाऱ्या शब्दाशी पोरं थांबतात. चौथा, दहा वेळा वाचूनही तुम्हाला कंटाळा येऊ नये.

आपल्याकडं माल भरपूर आहे ओ. १२९० सालची ज्ञानेश्वरी आणि तिच्या शेवटचं पसायदान, तुकोबांचे अभंग, चोखोबांचा "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा", जनाबाई, सोयराबाई, शेख महंमद, महात्मा फुल्यांचं गद्य. आणि आम्ही सीमेवर आहोत म्हणून आम्हाला दुप्पट मिळतं, बसवण्णांची वचनं, म्हणजे छोट्या कन्नड रचना, अक्कमहादेवी, कनकदास, हावेरीकडचे शिशुनाळ शरीफ. पोरं कन्नड विषय शिकतातच, वाचता येतं, मग ते दार बंद कशाला ठेवायचं? १९५६ ला राज्यांच्या रेषा ओढल्या, पण बसवण्णा बिज्जळ राजाकडं नोकरीला होते ते मंगळवेढ्यात, आणि चोखोबांचा अंत झाला तो पण मंगळवेढ्यातच, आणि ज्ञानोबांनी विठ्ठलाला "कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु" म्हणून ठेवलंय. भाषेच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, पोरांना मातृभाषेतनं शिकायला मिळालंच पाहिजे, आणि म्हणूनच सांगतो की मराठी घट्ट असलेल्या पोराला वचन वाचायची भीती वाटत नाही.

गणिताच्या सरांनी पण हे करावं. युक्लिडनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलं की मूळ संख्या कधी संपत नाहीत. नववीच्या पोरांना ती सिद्धता पाच ओळीत देता येते. समजा मूळ संख्या मोजक्याच आहेत, सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, आता ही नवी संख्या त्या यादीतल्या कुठल्याच मूळ संख्येनं भागली जात नाही, बाकी १ उरते, मग हिचा मूळ अवयव आला कुठून? इथं थांबायचं आणि गप्प बसायचं.

तुमची तयारी

गाईड बाजूला ठेवा. मजकूर स्वतःच्या हातानं वहीत लिहून काढा, मधे दोन-दोन ओळी सोडून. प्रत्येक अडणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा आणि त्याचा अर्थ शोधा, "साधारण असा असेल" म्हणून पुढं जाऊ नका. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून कामाचा आहे, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट बघता येते, आणि ती ठेवलीय कुणी तर शिकागो विद्यापीठानं, हचिन्सच्याच. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

ही शब्दांची तयारी का लागते ते एका उदाहरणानं सांगतो. तुकोबांचा "जे का रंजले गांजले" सगळ्यांना पाठ असतो, त्यात पुढं ओळ येते, "ज्यासि आपंगिता नाहीं, त्यासि धरी जो हृदयीं". मी पहिल्यांदा हा घेतला तेव्हा एका मुलीनं हात वर करून सांगितलं, सर, म्हणजे अपंग लोकांना जवळ करतो तो साधू. सगळा वर्ग हो म्हणाला. अर्थ चांगला आहे, ऐकायला पण गोड आहे, पण चुकीचा आहे. आपंगिणे म्हणजे आपलं म्हणून सांभाळणं, आपंगिता म्हणजे सांभाळणारा, पाठीराखा. ज्याला आपलं म्हणणारं कुणीच नाही, त्याला जो हृदयाशी धरतो. आता विचारा, आपल्या गावात असा कोण आहे? हा प्रश्न विचारल्यावर वर्ग जो शांत झाला तो मला अजून आठवतोय. एका पोरानं हळूच सांगितलं, वीटभट्टीवर येणाऱ्या लोकांची पोरं, ती शाळेला येत नाहीत, त्यांचं नाव पण आपल्याला माहीत नाही. हे "अपंग"वरून आलं नसतं. शिक्षकाला शब्द माहीत पाहिजे तो एवढ्यासाठी, आणि अशा ठिकाणी "तुम्हाला काय वाटतं ते बरोबर" म्हणून सोडून द्यायचं नाही, सरळ सांगायचं की अर्थ हा आहे. शाश्वतवादी वर्गात मत कुणाचंही चालतं पण शब्दाचा अर्थ मनाला येईल तो चालत नाही.

शब्द झाले की प्रश्न काढा. मी तीन थर करतो. सुरुवातीचा प्रश्न एकच, मजकुराच्या आतला, आणि ज्याला दोन बाजू आहेत असा. मधले चार-पाच, ठराविक ओळीकडं बोट दाखवणारे. शेवटचा एक, आपल्या जगण्याकडं वळवणारा. "कवीला काय म्हणायचे आहे?" हा प्रश्न कधीच विचारू नका, पोरांना त्याचं उत्तर गाईडात असतंय हे माहीत आहे.

तास

बाकं भिंतीला सरकवा, जमखाना टाका आणि गोल बसा, तुम्ही पण खाली. वर्गात बावीस-पंचवीस पोरं असतील तर एकच गोल पुरे, चाळीस असतील तर दोन गोल करा, आतला बोलतो, बाहेरचा ऐकून लिहितो, पुढच्या शनिवारी अदलाबदल. प्रत्येकाच्या हातात मजकूर पाहिजेच. झेरॉक्सला पैसे नसतील तर शुक्रवारी फळ्यावरनं उतरून घ्यायला लावा, उतरवण्यातच अर्धं वाचन होतंय.

मोठ्यानं वाचन तीनदा. एकदा तुम्ही, सावकाश. एकदा एक चांगलं वाचणारं पोर. आणि एकदा सगळे एक-एक ओळ, अडखळणारा अडखळला तरी चालेल, थांबायचं, कुणी हसायचं नाही. मग शब्दांचे अर्थ, पाच मिनिटात, हे सरळ सांगून टाका, यात प्रश्नोत्तरं करत बसू नका. मग सुरुवातीचा प्रश्न टाका आणि गप्प बसा.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मी पहिल्या महिन्यात प्रश्न विचारून तीन सेकंदात स्वतःच उत्तर द्यायचो, आणि तास संपल्यावर वाटायचं की काय मस्त चर्चा झाली. नंतर एका शनिवारी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला आणि घरी ऐकला तर चाळीस मिनिटातली तीस मिनिटं माझाच आवाज. फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रश्न टाकला की मनात वीसपर्यंत आकडे मोजतो. बाराव्या-तेराव्या आकड्याला कोण ना कोण बोलतंच, करून बघा.

पसायदानाचा तास कसा जातो ते सांगतो. सुरुवातीचा प्रश्न मी असा ठेवतो, "जो जे वांछील तो ते लाहो, म्हणजे ज्याला जे पाहिजे ते मिळो, हे मागणं बरोबर आहे का?" पहिल्यांदा सगळे म्हणतात हो सर, चांगलंच आहे की. मग गप्प बसायचं. एका वर्षी मागं बसणारा एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो बोलला, "ओ सर, आणि चोरानं चोरी वांछली तर?" वर्ग हसला. मी हसलो नाही, त्याला म्हटलं प्रश्न परत एकदा मोठ्यानं विचार. त्यानं विचारला. आता कोण हसेना. मी एवढंच म्हटलं, उत्तर माझ्याकडं बघून देऊ नका, कागदात बघा. दोन मिनिटं नुसती कागदाची सळसळ. मग एक मुलगी म्हणाली, "सर, ही ओळ नंतर आलीय. आधीच्या कडव्यात खळांची व्यंकटी सांडो म्हटलंय. आधी दुष्टाचा वाकडेपणा जाऊ दे, मग त्याला जे पाहिजे ते मिळू दे. वाकडेपणा गेल्यावर तो चोरी मागणारच नाही की." मला ते आधीपासून माहीत होतं, पण मी ते सांगितलं असतं तर ते माझं राहिलं असतं, आता ते तिचं झालं. आणि तेवढ्यावर थांबलं नाही, तिच्या शेजारची म्हणाली, "म्हणजे खळ जाऊ दे असं म्हटलेलंच नाही, वाकडेपणा जाऊ दे म्हटलंय." मग तो मागचा पोरगा परत म्हणाला, पण सगळ्यांची इच्छाच चांगली झाली तर मग देवाकडं मागायचं काय उरलं? याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी ते तसंच सांगितलं, की मला पण माहीत नाही, घरी जाऊन विचार करूया.

तुमचं काम तासात एवढंच, बोट ओळीवर ठेवायचं. कुणी मत दिलं की विचारायचं, कुठल्या ओळीवरनं म्हणतोस? दोघांचं वेगळं आलं की विचारायचं, तिचं म्हणणं तुझ्या शब्दात सांग आधी, मग तुझं सांग. गाडी गावगप्पांकडं वळली की मजकुराकडं ओढायची. कोण बोललं कोण नाही याची खूण कागदावर गोल काढून करत जा, पोराच्या जागेवर एक ठिपका. चार शनिवारांचे कागद शेजारी ठेवले की दिसतंय कुठली पोरं कायम कोरी आहेत. त्यांना पुढच्या वेळी सुरुवातीचं वाचन द्या, आवाज एकदा बाहेर पडला की मत पण पडतं.

दोन मजकूर समोरासमोर

हे दोन-तीन महिन्यांनी करा, आधी नको. या शाश्वतवाद्यांची एक आवडती कल्पना आहे की थोर लेखक शतकांच्या पल्याडून एकमेकांशी बोलत असतात आणि आपण ते बोलणं ऐकत मधे बसायचं. हचिन्स त्याला महान संवाद म्हणायचा. आपल्याकडं तो संवाद दोन भाषेत ऐकायला मिळतो.

"जे का रंजले गांजले" एका बाजूला आणि बाराव्या शतकातलं बसवण्णांचं वचन दुसऱ्या बाजूला, "उळ्ळवरु शिवालय माडुवरु, नानेन माडलि बडवनय्या". ज्यांच्याकडं आहे ते शिवालय बांधतील, मी गरीब काय करू. माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकंच सोन्याचा कळस. आणि शेवटी, स्थावराला, म्हणजे एका जागी उभ्या असलेल्याला, नाश आहे, जंगमाला, म्हणजे चालत्याफिरत्याला, नाही. पोरांना आधी मूळ कन्नड वाचू द्या, शब्द त्यांनाच शोधू द्या. "कंब" म्हणजे खांब हे पटकन कळतं. "देगुल" बघून कोण ना कोण ओरडतंच, सर हे आपलं देऊळ! आणि खरंच दोन्ही शब्द एकाच देवकुलातनं आलेत. "होन्न" म्हणजे सोनं, आणि शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन तो याच शब्दाचा. असं झालं की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, की ही भाषा परकी नाही, हे आम्हाला आतनं माहीत होतं, ते बघण्यासारखं असतंय.

प्रश्न एकच द्या, देव कुठं आहे, दोघांचं उत्तर एक आहे की वेगळं? वरवर सारखंच वाटतं, देऊळ सोडून दोघंही माणसाकडं वळतात. पण बारकाईनं बघितलं की तुकोबा दुसऱ्याला जवळ करणाऱ्या माणसात देव दाखवतात आणि बसवण्णा स्वतःचं शरीरच देऊळ करतात. एक बाहेर हात पुढं करतो, एक आत वळतो. की दोन्ही एकच? आमच्या दहावीत यावर दोन शनिवार वाद झाला. एका मुलीनं "दया करणें जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी" या ओळीवर बोट ठेवून विचारलं, दयाच करायची तर मग त्यांना दास-दासी म्हणून ठेवलंच कशाला? हा प्रश्न दाबू नका. तुकोबा मोठे आहेत, त्यांना प्रश्न विचारल्यानं ते लहान होत नाहीत.

लोक काय म्हणतील

पहिलं येतं ते सिलॅबस. आठवड्यातला एकच तास घ्या, आणि पाठ्यपुस्तकातलाच अभंग किंवा उतारा घेतला तर टाचणात पण बसतो, सीआरपी, म्हणजे शाळा बघायला येणारे केंद्राचे साधनव्यक्ती, आले तरी दाखवता येतं. पोरांनी ज्यावर वाद घातला ते त्यांना एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, पाठ करावं लागत नाही, स्वतःच्या वाक्यात लिहितात, हे मी माझ्या वर्गात बघितलंय. पण शनिवारी जे बोललं ते सोमवारी लिहायला लावा, दहा ओळी, आणि तुम्ही लाल पेननं तपासा, वाक्य मोडकं असेल तर परत लिहायला लावा. हा तो दुसरा प्रकार, सरावाचा, तो सोडला तर नुसत्या गप्पा होतात.

दुसरं, "आमच्या पोरांना हे झेपायचं नाही, ही शेतकऱ्यांची पोरं, रोप लावणी आली की पंधरा दिवस गायब." हे ऐकलं की मला राग येतो. हचिन्सचं म्हणणंच होतं की सगळ्यात हुशार पोराला जे शिक्षण सगळ्यात चांगलं तेच सगळ्यांना सगळ्यात चांगलं, आणि पायदेयाच्या आराखड्यात सगळ्या मुलांना एकच अभ्यासक्रम आहे, हुशारांना वेगळा आणि ढ पोरांना वेगळा असं नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८८२ ला, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं मागणी केली होती की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तुकोबा कुणासाठी लिहीत होते? याच पोरांच्या पणजोबांसाठी की. चिखलात उभं राहून रोप लावणाऱ्या पोरीला "रंजले गांजले" समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, प्राथमिकचे शिक्षक विचारतात, आमच्याकडं नलिकली ही सरकारी शाळांतली पद्धत आहे, मग हे कुठं बसवायचं? नलिकली १९९५ च्या सुमारास म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, कार्डं, गट, पोर आपल्या गतीनं पुढं जाणार, ती पूर्ण बालकेंद्री आहे आणि लहान पोरांसाठी चांगलीच आहे. तिच्याशी भांडण नको. पहिली ते तिसरीला कार्डं चालू द्या, वर फक्त रोज एक गोष्ट किंवा अभंग मोठ्यानं वाचून दाखवा. प्रश्नांचा तास सहावी-सातवीनंतर.

चौथं सगळ्यात खरं आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. जुनं ते सगळं सोनं का? ही शाश्वत सत्यं ठरवली कुणी? हचिन्सनं १९३६ ला आपलं म्हणणं पुस्तकात मांडलं तेव्हा अमेरिकेतलाच शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईनं हाच सवाल केला, की तुम्ही ज्याला कायमचं सत्य म्हणता ते ठरवणारा अधिकारी कोण? ब्रिटानिकाच्या त्या ५४ खंडात एकही बाई नव्हती, ती चूक १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत थोडी सुधारली. आणि ड्युई आपल्याला परका नाही, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर त्याच्याकडं शिकले. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, आणि ती पण जुनीच होती, हजारो वर्षं मानलेली. तेव्हा यादी करताना हे ध्यानात ठेवा, जुनं म्हणून घ्यायचं नाही, प्रश्नाला टिकतं म्हणून घ्यायचं. मी वर्षाच्या शेवटी पसायदानातलाच "विश्व स्वधर्म सूर्ये पाहो" परत काढतो आणि विचारतो, स्वधर्म म्हणजे इथं काय, त्या काळी काय होतं, आणि जन्मानं ठरलेलं काम असा अर्थ कुणी लावला तर तुम्ही मान्य कराल का? वर्गात वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या धर्माची पोरं असतात, सगळ्यांना बोलता आलं पाहिजे, आणि मजकूर प्रार्थनेचा असला तरी त्या तासात तो विचार म्हणून वाचायचा, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. यादीत शेख महंमद आणि शरीफसाहेब असू द्या, चोखोबा, सोयराबाई असू द्या. एकाच जातीच्या, एकाच भाषेच्या लोकांची यादी केलीत तर पोरं त्यातनं स्वतःला वजा करतात.

सुरुवात जूनमध्ये शाळा भरल्यावर तिसऱ्या शनिवारपासून करा, पहिले दोन आठवडे पुस्तकं-युनिफॉर्मच्या गडबडीत जातात. पहिला मजकूर पसायदानच घ्या, पूर्ण नको, मधली दोनच कडवी, "खळांची" आणि "दुरितांचें". पहिल्या शनिवारी पोरं बोलणार नाहीत, तुमच्या तोंडाकडं बघत बसतील, दुसऱ्या शनिवारी पण तसंच. मला तीन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी तास संपायला दोन मिनिटं असताना प्रश्न आला, आणि घंटा झाल्यावर पोरं जमखाना गुंडाळत गुंडाळत त्याच्यावर भांडत बाहेर गेली.